भयपटाच्या परीक्षणात किती सांगावं आणि किती राखून ठेवावं?

तुम्ही विचारलंय की भयपट आणि विज्ञानपटच बघणाऱ्या दहा-पंधरा मित्रांसाठी परीक्षणं लिहिताना कथा किती सांगावी, तारे द्यावेत का, आणि आपल्याला भीती वाटली नसेल तर तसं लिहावं का.

तिसरा प्रश्न आधी घेते. भीती वाटली की नाही हा परीक्षणाचा विषयच नाही. ज्यानं शे-दोनशे भयपट पचवलेत तो दचकायला येतच नाही. त्याला बघायचं असतं की भीती कशातून उभी केलीय. 'तुंबाड'चंच बघा. त्यातला पाऊस खरा आहे, त्यासाठी कित्येक पावसाळे चित्रीकरण चाललं, आणि म्हणून तो वाडा भिंतीच्या आतपर्यंत ओला वाटतो. हे सांगितलंत तर चाहत्याच्या हाती काहीतरी लागतं. 'मी दोनदा किंचाळलो' हे कळून त्यानं काय करायचं?

पहिल्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण त्यावरून झालेला एक वाद २०१७ पासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सांगलीत आमचा बारा-तेरा जणांचा गट होता. महिन्यातले दोन शनिवार कुणा एकाच्या घरी सिनेमा, मग चहा, मग भांडण. दोन पानांची एक पत्रिका निघायची, झेरॉक्स काढून आपापसांत वाटायचो. संपादन एका निवृत्त शिक्षकांकडे होतं, आम्ही त्यांना सर म्हणायचो. सरांनी आम्हाला पुष्कळ दिलं, ते नाकारत नाही. 'द थिंग', म्हणजे अंटार्क्टिकातल्या तळावर माणसांचं सोंग घेणाऱ्या परग्रहावरच्या जीवाचा सिनेमा, मला त्यांनीच दाखवला. १९८२ साली २५ जूनला अमेरिकेत तो आणि 'ब्लेड रनर' एकाच दिवशी लागले आणि दोन्हींचं स्वागत थंडच झालं, 'द थिंग'ला तर किळसवाणा म्हणून झोडपलंच, हेही त्यांच्याकडूनच कळलं. सर म्हणायचे, समीक्षकांनी मांसाचे लगदे मोजले, पण एका छपराखाली अडकलेली माणसं एकमेकांकडे कशी बघतात ते कुणी बघितलंच नाही. तापवलेली तार रक्तात बुडवून माणूस कोण आणि सोंग कोण ते तपासतात, तो प्रसंग त्यांनी आम्हाला तीनदा मागे नेऊन दाखवला होता. परीक्षण कसं करतात ते मी त्या रात्री शिकले.

पण सरांचा एक नियम होता. कथेतलं अक्षरही सांगायचं नाही. कोणी 'दुसऱ्या भागात गावातली एक म्हातारी येते' एवढं लिहिलं तरी ते ओळ खोडत. आणि दाखला कायम 'सायको'चा दिग्दर्शक हिचकॉक याचा. 'सायको'च्या वेळी, १९६० मध्ये, सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा हट्ट त्यानं थिएटरवाल्यांकडून पाळून घेतला, शेवट कुणाला सांगू नका असं प्रेक्षकांना बजावलं. मग आपण कोण लागून गेलो?

जुलै २०१७ मध्ये 'लपाछपी' हा मराठी भयपट आला. मला सातवा महिना होता. सासूबाईंनी दारातच अडवलं, "या दिवसांत असलं काही बघू नये." सिनेमाच्या नायिकेला, नेहाला, आठवा महिना असतो हे मी त्यांना सांगितलं नाही, नवऱ्याला घेऊन गेले.

मी वाळवा तालुक्यातली. उसाच्या कडेला वाढले. त्यामुळे नेहा उसात शिरते तेव्हा मी खुर्चीत सावरून बसले, कारण शहरातल्या माणसानं ऊस दाखवायचा म्हणजे हिरवा पडदा दाखवायचा, अशी माझी धास्ती होती. तसं झालं नाही. डोक्याच्या वर गेलेल्या उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही. आत वारा नसतो, अंगाला घाम चिकटतो, पण शेंड्याचा पाला सळसळत असतो, त्यामुळे आवाज वरून येतोय की मागून ते कळत नाही. पायाखाली पाचट करकरतं. आपण थांबलो की ते थांबायला हवं, आणि कधीकधी ते क्षणभर उशिरा थांबतं. पात्याची कड करवतीसारखी असते, दंडावर बारीक रेघा उठतात आणि घाम लागला की चरचरतात. सरीनं सरळ चालत राहिलं तर बांध लागतोच. सरी सोडून आडवं शिरलं की संपलं. नऊ वर्षांची असताना मी असं आडवं शिरले होते. आई बांधावरून हाका मारत होती आणि तिची हाक चारही बाजूंनी येत होती. मला दिशा लागेना आणि रडूही येईना.

अशा जागेसाठी अंधार लागत नाही. 'लपाछपी'तली भीती भर दिवसा, लख्ख उन्हात उभी राहते, आणि हे ऊस बघितलेल्या माणसालाच सुचावं. मी दीड पान फक्त उसावर लिहिलं. नेहा जिच्या घरी राहते त्या तुळसाबाईवर, म्हणजे उषा नाईक यांच्या कामावर, पाव पान. ती बाई प्रेमानं वाढते, काळजी घेते आणि त्या काळजीनंच श्वास कोंडतो.

आता पुढे गुपित फुटतंय. सिनेमा जुना झालाय, त्याच दिग्दर्शकानं २०२१ मध्ये तो 'छोरी' नावानं हिंदीत केला, तरी बघितला नसेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.

त्या उसात जे दडलंय ते जन्मताच मारलेल्या मुलींचं आहे. सिनेमा लागला त्याच्या चार महिने आधी, मार्चमध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. सांगलीच्या थिएटरात हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. उत्तरार्धात कुणी खोकलंसुद्धा नाही. म्हणून परीक्षणाच्या शेवटी मी म्हैसाळचं नाव घेतलं, आणि खाली एक ओळ टाकली: 'ज्या बाईनं मूल गमावलंय तिनं हा सिनेमा जपून बघावा.'

सरांनी दोन्ही खोडलं. उसाचं सगळं ठेवलं, तुळसाबाईचं ठेवलं, आणि माझ्या कागदाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं: 'हे परीक्षण नव्हे, गरोदरपणाचा अनुभव.' तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आमच्यातल्या एका मैत्रिणीचं मूल त्याच फेब्रुवारीत पाचव्या महिन्यात गेलं होतं. गटात फार जणांना माहीत नव्हतं, मला होतं. ती ओळ मी तिच्यासाठीच लिहिली होती. तिला वेगळा फोन करायला हवा होता, ते मी केलं नाही, ती चूक माझी. पत्रिका छापून झाल्यावर ओळ गेलेली मला कळली आणि तोवर ती सिनेमाला जाऊन आली होती. 'ऊस इतका छान लिहिलायस म्हणून गेले,' म्हणाली. मध्यंतराच्या आधीच उठली होती, बाहेर पायऱ्यांवर बसून नवऱ्याची वाट बघत राहिली. मला फक्त एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

पुढच्या शनिवारी मी सरांशी भांडले. सर आवाज न चढवता म्हणाले, कलाकृतीचं रहस्य एका माणसासाठी फोडायचं का? आणि परत हिचकॉक. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोटातलं बाळ लाथा मारत होतं आणि बाकीचे अकरा जण चहाच्या कपात बघत होते. मी त्या गटात परत गेले नाही.

उत्तर मला दोन वर्षांनी सापडलं, आणि तेही हिचकॉककडेच. 'सायको'ची जाहिरात आठवा. सहा मिनिटांहून लांब, आणि त्यात तो स्वतः आपल्याला मोटेल आणि मागचं घर फिरवून दाखवतो. जिन्यावर काय होतं ते सांगतो. शेवटी न्हाणीघरात नेतो, पडदा ओढतो आणि किंकाळी येते. म्हणजे खून कुठे होतो ते त्यानं तिकीट विकायच्या आधीच दाखवलं. लपवलं ते एवढंच की कोण करतं, आणि कोण किती लवकर मरतं. ती जाहिरात आम्हाला सरांनीच दाखवली होती!

तेव्हा तुम्हाला माझं सांगणं असं. सिनेमाची कलाटणी राखा, पण तो कुठल्या दुखण्यावर बोट ठेवतो ते वाचणाऱ्याला कळू द्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि ज्याला त्या वेगळ्या काढता येत नाहीत त्यानं भयपटावर लिहू नये. 'यात बाळंतपणातलं दुःख आहे' एवढं सांगितल्यानं 'लपाछपी'चं काहीही फुटत नाही. उसात काय आहे, तुळसाबाई कोण आहे, नेहाचं काय होतं, सगळं झाकलेलंच राहतं.

आणि त्या पेन्सिलीच्या ओळीचंही उत्तर देते. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर एका रात्री ती झोपल्यावर मी 'लपाछपी' पुन्हा बघितला, वही घेऊन. अंगावर काटा आला नाही. एकदाही नाही. आणि तरी परीक्षणातलं एक वाक्य बदलावंसं वाटलं नाही. ऊस तसाच काम करत होता, ऊन तसंच. बरं, अनुभवावरून लिहिलं तर बिघडलं काय? सरांनी 'द थिंग'वर लिहिताना स्वतःच्या वसतिगृहातला एक हिवाळा लिहिला होता. खोलीत चोरी झाली, चौघांपैकी चोर कोण ते कळेना, आणि महिनाभर कुणी कुणाशी नीट बोललं नाही. गटात आजवर आलेलं ते सगळ्यात चांगलं परीक्षण आहे, हे मी आजही म्हणते. पण तेव्हा समासात 'वसतिगृहाचा अनुभव' असं कुणी लिहिलं नव्हतं.

विज्ञानपटांचं थोडक्यात. चाहते चुका काढण्यात वेळ घालवतात. 'ग्रॅव्हिटी'त हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकापर्यंत पाठीवरच्या यंत्रानं जाता येतं, हे अशक्य आहे. एकाची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे २८.५ अंश कललेली, दुसऱ्याची ५१.६, शिवाय सिनेमा आला तेव्हा उंचीत शंभराहून जास्त किलोमीटरचा फरक होता. ही चूक एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. त्याच सिनेमात निर्वातात स्फोट झाला तरी त्याचा आवाज येत नाही, जे ऐकू येतं ते वस्तूला हात टेकल्यावर पोशाखातून आलेल्या कंपनासारखं. अख्खी भीती या एका नियमावर उभी केलीय. त्यावर परिच्छेदभर लिहा, वाचणाऱ्याला पुढच्या वेळी कानानं सिनेमा बघता येईल. नियम कुठला मानलाय आणि तो शेवटपर्यंत पाळलाय का, विज्ञानपटात मी एवढंच तपासते.

तारे मी देत नाही. सिनेमा कुणासोबत बघावा, कुठल्या वेळी बघावा, हेडफोन लागतील का, हे लिहिते. मित्रांना त्याचाच उपयोग होतो.

एक राहिलं. मी सांगितलंय ते ओळखीच्या वाचकांसाठी आहे. ज्यांची घरं तुम्हाला माहीत आहेत, त्यांच्या घरात काय घडून गेलंय तेही थोडंफार माहीत असतं. हजार अनोळखी लोकांसाठी लिहिणाऱ्याला हे इतकं जमणार नाही, आणि प्रत्येक परीक्षणावर सूचनांची यादी चिकटवली तर ती कुणी वाचणारही नाही. सरांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल. पण तुमचे मित्र दहा-पंधराच आहेत.

ती मैत्रीण आणि मी अजून बरोबर सिनेमे बघतो. बघायच्या आधी ती फोन करते, "हा मी बघू का?" मागच्या महिन्यात एका विज्ञानपटाबद्दल विचारलं. मी म्हटलं, "बघ, पण चाळिसाव्या मिनिटाला पाणी प्यायला ऊठ आणि पाच मिनिटांनी परत ये." का, ते तिनं विचारलं नाही. उठली, परत आली, आणि रात्री अकराला फोन करून शेवट चुकलाय म्हणून माझ्याशी तासभर भांडली.