एजन्सी सोडून स्वतःची एसईओ टीम उभारायची आहे. किती माणसं घ्यावीत आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलं आहे की, अमरावती जिल्ह्यात तालुक्याच्या गावी डवरे (पिकाच्या ओळींतलं तण काढायची अवजारं), पेरणी यंत्रं आणि फवारणी पंप बनवून विकता, वेबसाइट गुगलच्या शोधात वर आणण्याचं काम (एसईओ) शहरातली एजन्सी बघते, दर महिन्याला अहवाल येतो पण चौकशीचे फोन काही वाढत नाहीत. मग घरचीच टीम केली तर किती माणसं लागतील?

दीड माणूस पुरतो. एक पूर्णवेळ आणि एक तासांवर. पूर्णवेळ माणूस मात्र शेतीतला घ्या, मार्केटिंगमधला नको. कृषी पदविका किंवा बीएस्सी अ‍ॅग्री झालेला, शुद्ध आणि सोपं मराठी लिहिणारा, शक्यतो तुमच्याच तालुक्यातला मुलगा किंवा मुलगी. सर्च कन्सोल (साइट गुगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) वाचणं, शीर्षक लिहिणं, पानं एकमेकांना जोडणं हे त्याला तीन-चार महिन्यांत शिकवता येतं. सोयाबीनच्या ४५ सेंटीमीटरच्या तासांत (ओळींत) कोणत्या मापाची पास (डवऱ्याचं पातं) चालते आणि ओल जास्त असताना डवरणी का करू नये, हे शहरातल्या एसईओवाल्याला तेवढ्या वेळात शिकवता येत नाही. गिऱ्हाईक नेमकं तेच शोधत असतं.

दुसरा, म्हणजे तासांवरचा माणूस, वेबसाइटच्या कोडमध्ये हात घालू शकणारा डेव्हलपर. शे-दोनशे पानांच्या साइटला पूर्णवेळ डेव्हलपर लागत नाही. त्याच्याशी महिन्याचे ठरावीक तास आणि 'सांगितलेली दुरुस्ती १५ दिवसांत' एवढं लेखी ठरवा. घरच्या टीम बहुतेक इथेच अडकतात. काय बिघडलंय ते सगळ्यांना माहीत असतं, यादीही तयार असते, पण बदल करण्याचा अधिकार कुणाकडेच नसतो. म्हणून या माणसाने थेट मालकाला किंवा विक्री बघणाऱ्याला उत्तर द्यावं. मध्ये कुणी नको.

मुलाखतीत प्रमाणपत्रं बघू नका. डेव्हलपरला एकच प्रश्न विचारा: 'एखादं पान गुगलमधून काढायचं आहे. मी त्यावर नोइंडेक्स लावलं आणि रोबोट्स फाइलमध्येही ते बंद केलं. बरोबर की चूक?' चूक आहे. नोइंडेक्स म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नका' अशी पानावरची खूण, आणि रोबोट्स फाइल म्हणजे गुगलच्या बॉटने (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामने) काय उघडू नये याची साइटवरची यादी. रोबोट्स फाइलने दार बंद केलं की गुगलचा बॉट पान उघडतच नाही, मग त्यावरचं नोइंडेक्स त्याला दिसणार कसं? दुसरीकडून त्या पानाची लिंक असेल तर नुसता पत्ता शोधात येत राहू शकतो. ज्याला हे समजावून सांगता येतं तो कामाचा. आणि 'महिन्यात पहिला नंबर आणून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. बदल केल्यापासून फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष धरून चाला.

माणूस घेण्याआधी मालकी ताब्यात घ्या. डोमेनचं लॉगिन, होस्टिंग, वेबसाइटचं अ‍ॅडमिन, सर्च कन्सोलची मालक-परवानगी, अ‍ॅनालिटिक्सचं अ‍ॅडमिन (साइटवर किती लोक येतात ते मोजणारं साधन) आणि गुगल बिझनेस प्रोफाइलचा (शोधात आणि नकाशात दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीचा) मुख्य मालक हे सगळं कंपनीच्या ईमेलवर हवं. एजन्सीच्या नको आणि नव्या मुलाच्या खासगी जीमेलवर तर मुळीच नको. बिझनेस प्रोफाइलवर नवा मालक जोडला की पहिले ७ दिवस त्याला जुन्यांना काढता येत नाही, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. अ‍ॅनालिटिक्समध्ये सविस्तर माहिती मुळात २ महिनेच राहते. सेटिंगमध्ये जाऊन ती १४ महिने करा.

आता आपल्याकडची खास अडचण. तुमचे जुने माहितीपत्रक आणि दरपत्रक बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत भलतीच अक्षरं असतात आणि शोध यंत्राला त्यातलं काही वाचता येत नाही. तपासायला पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. कचरा दिसला तर युनिकोडमध्ये (सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षर-पद्धतीत) बदला. बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यांतून रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्य' हमखास बिघडून येतात, म्हणून प्रत्येक पान माणसाने वाचलंच पाहिजे. दरपत्रकाचा फोटो साइटवर टाकला असेल तर तोही काढा आणि दर मजकुरात लिहा. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता गुगलला चालतो, पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक त्याला हात लावायला घाबरतात.

शब्द कोणते वापरायचे यासाठी महागडं साधन घेण्याची घाई नको, मराठी शोधशब्दांची माहिती त्यांत विरळच असते. काउंटरवर एक वही ठेवा. १५ दिवस येणारा प्रत्येक फोन गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा, आणि 'आमचा पत्ता कुठून मिळाला' तेही विचारा. आपल्याकडे डवरा, नगर-पुण्याकडे कोळपं. माल दोन्हीकडे जात असेल तर पानावर दोन्ही शब्द हवेत. मग ही वही सर्च कन्सोलमधल्या शोधांशी ताडून बघा. ज्या शोधात तुम्ही दिसता पण कुणी क्लिक करत नाही, त्या पानांची शीर्षकं आधी सुधारा.

पान वावरात उभं राहून, साध्या फोनवर उघडून बघा. मुख्य मजकूर किंवा फोटो २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा. बहुतेक वेळा दोष यंत्राच्या चार-पाच एमबीच्या फोटोंचा असतो. ते वेबपी (फोटोचा हलका प्रकार) करून १५० केबीच्या आत आणले की अर्धं काम झालं. फोन नंबर दाबताच लागला पाहिजे.

मोजमाप हंगामाने करा. डवऱ्यांचा शोध पेरणीनंतर चढतो आणि पिकाने तास झाकले की उतरतो. जुलैची ऑक्टोबरशी तुलना करून 'काम बिघडलं' म्हणणं अन्याय आहे, यंदाचा जुलै गेल्या जुलैशी ताडा. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवतं, म्हणून दर महिन्याला ती शीटमध्ये उतरवून घ्या. खरीप अवजारांची पानं मार्च-एप्रिलमध्येच चढवा. जूनमध्ये चढवलेलं पान त्या हंगामात क्वचितच कामाला येतं.

'डवरा मोर्शी', 'डवरा वरुड', 'डवरा अचलपूर' अशी फक्त गाव बदलून पन्नास पानं करण्याचा मोह होईल. करू नका, गुगलच्या नियमांत ते स्पॅममध्ये मोडतं. जिथे तुमचं दुकान किंवा माणूस नाही तिथे बिझनेस प्रोफाइलही काढू नका. एआयकडून शेकड्याने लेख पाडणं मार्च २०२४ पासून स्पॅमच्या नियमात स्पष्टपणे आलं आहे. महिन्याला चार पानं पुरे, पण त्यांत तुमच्याच यंत्राचे फोटो, मापं, वजन आणि सुट्या भागांचे दर असू द्या.

एक धोका राहतोच. शिकून तयार झालेला मुलगा वर्षा-दोन वर्षांत नागपूर-पुण्याला जातो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून बदल-नोंद ठेवायला लावा: तारीख, पान, काय बदललं, का बदललं. क्लिक अचानक घसरले तर ते आपल्या बदलामुळे की गुगलच्या अपडेटमुळे, हेही त्याच नोंदीवरून कळतं. आणि एजन्सीचा करार एप्रिल-मेमध्ये तोडू नका. नवा माणूस ऑगस्टमध्ये घ्या, एजन्सीला नोव्हेंबरपर्यंत सोबत ठेवा आणि त्या तीन महिन्यांत त्यांनी केलेल्या लिंका, लेख आणि बदलांची यादी लेखी मागून घ्या. शेवटचं बिल ती यादी हातात आल्यावरच द्या.