परत बोलवून घेऊ का?

"मॅडम, मुलगी पुण्यात नोकरीला लागून चार महिने झाले, रोज फोनवर रडते, परत बोलवून घेऊ का?" हा प्रश्न मला काउन्सेलर म्हणून दरवर्षी गणपतीच्या आसपास हमखास येतो, कधी आई विचारतात कधी बाबा, आणि मुलं एकतर पुण्यात नाहीतर बेंगळुरूत. एका ओळीत उत्तर नाही, म्हणून एक केस सांगते. तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून बऱ्याच गोष्टी बदलल्यात.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली मुलगी, वय २२, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बेळगावात इंजिनिअरिंग आणि पुण्यात आयटीत नोकरी. गणपतीला घरी आली आणि परत जायच्या दिवशी बॅगच भरेना. आई तिला घेऊन आली, हातात कुंद्याचा बॉक्स (पेशंटकडून काही घेऊ नये असं आम्हाला शिकवतात, पण बेळगावात कुंदा नको म्हणून दाखवा की!). मी विचारलं मुलीला, उत्तरं सगळी आईची. शेवटी म्हटलं, काकू, तुम्ही जरा बाहेर बसा, ती सज्ञान आहे, इथलं बोलणं तिचं. काकूंना ते अजिबात आवडलं नाही.

पहिल्यांदा मी झोप, भूक, कामात लक्ष लागतंय का हे विचारलं आणि मरून जावंसं वाटतं का हेही सरळच विचारलं. असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. तिला तसं वाटत नव्हतं. वाटत असतं किंवा दोन आठवड्यांच्या वर सलग झोप, भूक, उमेद सगळंच गेलेलं असतं, तर मी आधी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं असतं, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहेच. आणि रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फ्री नंबर २४ तास चालू असतो.

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. आपल्याकडं पोरी "मी जातो, मी येतो" असंच बोलतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पुण्यात पहिल्याच आठवड्यात ती "मी जेवून येतो" म्हणाली आणि टेबलावरचे सगळे हसले, वाईट मनानं नाही, पण हसले. वर "तू कर्नाटकची ना, मग मराठी कसं येतं?" जन्मभर इथं मराठी म्हणून राहिलेल्या पोरीला हे ऐकायला लागलं. मग ती ठरवून "जाते, येते" बोलायला लागली. एकदा घरी फोनवर सवयीनं "ठेवते" म्हणाली तर आज्जी म्हणाली, "कोण बोलतंय गं हे?" आज्जी चेष्टाच करत होती, पण ही फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडली. हे सांगताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

मला ते लगेच कळलं कारण मी पण त्याच तालुक्यातली. सायकॉलॉजीत एमए करायला धारवाडला गेले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मेसमध्ये "साकु" (कन्नडमध्ये पुरे) एवढा एकच शब्द बोलायची. भूक असली तरी "साकु", कारण "अजून वाढा" कन्नडमध्ये कसं म्हणायचं ते येत नव्हतं.

विल्यम ब्रिजेस म्हणून एक अमेरिकन होते, त्यांनी बदल आणि स्थित्यंतर वेगळं केलं. बदल म्हणजे ऑफर लेटर, रूम, बसचं तिकीट, ते एका दिवसात होतं. मनाचं स्थित्यंतर मात्र आधी काहीतरी संपण्यापासून सुरू होतं, मग मध्ये एक अधांतरी काळ, जुनं सुटलेलं आणि नवं अजून बसलेलं नाही, आणि तो किती चालेल ते सांगता येत नाही. घरचे पेढे वाटत असतात तेव्हा पोरगी नेमकी त्या अधांतरात असते. त्यात ती कमजोर आहे असं काही नाही.

नोकरी सोडायची का हा निर्णय तीन महिने पुढं ढकलायचा असं आम्ही ठरवलं, सेशन ऑनलाइन. दिवसाला पाच फोन व्हायचे ते रात्री एकावर आणायचे. आणि टेबलावरच्या एका तरी माणसाला सांगायचं की आमच्याकडं असंच बोलतात. हे शेवटचं करायला तिला पाच आठवडे लागले. सांगितलं तर समोरची सोलापूरची निघाली, तिचे स्वतःचे किस्से सुरू झाले. सगळं त्यानं सुटलं असं नाही हं, डिसेंबरात एक आठवडा परत वाईटच गेला.

काकूंना मी एवढंच सांगितलं होतं, "येतीस का परत?" असं रोज विचारू नका, आज काय जेवलीस ते विचारा. त्यांना ते जमलं पण रविवार सोडून.

ती अजून पुण्यातच आहे, पुढचं काय ते तिचं तिनं ठरवायचंय. ऑफिसात "जाते" म्हणते, आज्जीशी "जातो". शेवटच्या सेशनला स्वारगेट स्टँडवरनं बोलत होती, मागं कंडक्टरचा आरडाओरडा, आणि मध्येच म्हणाली, "मॅडम, बेळगावची गाडी लागली, ठेवतो आता."