वाचकांचे प्रश्न : बाल्साचा भाला आणि पाणचक्कीतले दिवस

नाहोको उएहाशी यांची 'मोरिबितो' ही जपानी कादंबरीमालिका आणि तिच्या पहिल्या कादंबरीवर बेतलेली 26 भागांची अ‍ॅनिमेशन मालिका यांविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. कथा ज्यांना अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी तिचे सूत्र आधी सांगतो. नव-योगो साम्राज्याचा धाकटा राजपुत्र चागुम याच्या शरीरात एका जलदेवतेचे अंडे वाढू लागते. राजघराण्याच्या पावित्र्याला बट्टा लागू नये म्हणून त्याचा सम्राट पिता त्याला गुपचूप संपवण्याचा हुकूम देतो, आणि त्याची आई, म्हणजे दुसरी राणी, परमुलुखातून आलेल्या बाल्सा नावाच्या अंगरक्षक स्त्रीच्या हाती मुलाला सोपवते. बाल्साचे शस्त्र भाला आहे. (एका पत्रलेखकाने विचारले आहे म्हणून सांगतो : हा भाला फेकायचा नाही, हातात धरून लढायचा आहे.)

प्रश्न : मालिका आधी पाहावी की कादंबऱ्या आधी वाचाव्यात? काही कादंबऱ्यांच्या नावांत 'रखवालदार' आहे, तर काहींत 'प्रवासी', त्यामुळे क्रम लागत नाही.

उत्तर : मुख्य मालिका 10 खंडांची आहे. पहिली कादंबरी 1996 मध्ये काइसेइशा या मुलांची पुस्तके काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली आणि तीन खंडांत विभागलेली अखेरची कादंबरी 2007 मध्ये पूर्ण झाली. नावांमागची योजना सोपी आहे. 'रखवालदार' असे नाव असलेल्या कादंबऱ्या बाल्साभोवती फिरतात, तर 'प्रवासी' असे नाव असलेल्या दोन कादंबऱ्यांत वयात येत चाललेला चागुम केंद्रस्थानी असतो. अखेरच्या तीन खंडांत दक्षिणेकडून ताल्श साम्राज्याचे आक्रमण येऊन ठेपते आणि हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात.

जपानी न येणाऱ्या वाचकाची अडचण वेगळी आहे, कारण कॅथी हिरानो यांनी केलेले इंग्रजी अनुवाद पहिल्या दोन कादंबऱ्यांचेच निघाले, एक 2008 मध्ये आणि दुसरा 2009 मध्ये. त्यांतल्या पहिल्याला अनुवादित बालसाहित्यासाठी अमेरिकेत दिला जाणारा बॅचेल्डर पुरस्कार मिळाला. माझ्या मते पहिली कादंबरी आधी वाचावी, मग मालिका पाहावी आणि त्यानंतर दुसऱ्या कादंबरीकडे वळावे. पहिली कादंबरी आटोपशीर आहे आणि ती वाचून झाल्यावर मालिकेने काय वाढवले, काय बदलले हे आपोआप ध्यानात येते. उलट क्रमाने गेल्यास कादंबरी घाईत उरकल्यासारखी वाटण्याचा धोका आहे, आणि तो तिच्यावर अन्याय होईल.

प्रश्न : सुरुवातीचे भाग श्वास रोखून पाहिले, पण पुढे बाल्सा आणि चागुम एका गावात राहू लागतात आणि भागांमागून भाग काहीच घडत नाही. कादंबरी लहान असल्यामुळे मालिका ओढूनताणून लांबवली आहे का?

उत्तर : या अंगाची तक्रार सर्वाधिक पत्रांत आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लांबवली आहे, हे खरेच. कादंबरीत पाठलाग चुकवल्यानंतर बाल्सा, चागुम, वैदू तांडा आणि त्याची गुरू असलेली म्हातारी मांत्रिक तोरोगाई हे डोंगरातल्या शिकाऱ्यांच्या एका गुहेत हिवाळा काढतात आणि तो सगळा काळ थोड्याच पानांत उलटतो. दिग्दर्शक केन्जी कामियामा यांनी मात्र बाल्सा आणि चागुम मेल्याचा देखावा रचला, जुन्या पाणचक्कीच्या घरात त्यांचे बिऱ्हाड थाटले आणि मालिकेचा मोठा हिस्सा तिथे खर्च केला. प्रॉडक्शन आय.जी. या चित्रसंस्थेसाठी कामियामा यांनी त्याआधी 2002 पासून 'घोस्ट इन द शेल'ची दूरचित्रवाणी मालिका केली होती. यंत्रमानव आणि महानगरे रंगवून झालेल्या या दिग्दर्शकाने येथे भातखाचरे, बांध, पाण्याचे पाट आणि चुलीवरचा धूर इतक्या निगुतीने दाखवला आहे, की ही त्याने निव्वळ भागांची संख्या भरून काढण्यासाठी केलेली भरताड असेल असे मला तरी वाटत नाही.

मुळात रखवाली म्हणजे काय, असा प्रश्न या कथेच्या मुळाशी आहे. तिसऱ्या भागात सम्राटाने पाठवलेले चार मारेकरी बाल्साला शेतात गाठतात आणि ती एकटी त्यांना थोपवून धरते. ती लढत अ‍ॅनिमेशनमधल्या उत्तम लढतींपैकी आहे. भाल्याची लांबी, दोन पावलांमधले अंतर, चिखलात घसरणारा पाय यांचा हिशेब प्रेक्षकाला शेवटपर्यंत लागत राहतो. पण त्या रात्रीनंतरही मूल जिवंत ठेवायचे आहे, आणि ते काम भाल्याने होत नाही. त्याला खाऊ घालावे लागते. राजवाड्यातले बोलणे विसरून चारचौघांसारखे बोलायला शिकवावे लागते. पैसा कसा मिळतो, बाजारात तो कसा जातो, हेही समजावून द्यावे लागते. दुसऱ्यांची कामे करून पोट भरणारा तोया आणि त्याच्याबरोबर राहणारी साया ही दोन अनाथ मुले जे जन्मापासून जाणतात, ते चागुमला कष्टाने शिकावे लागते. आणि तो शिकतो म्हणूनच अखेरीस तो जो निर्णय घेतो त्यावर आपला विश्वास बसतो. अंडे पोटात असलेला एक भेदरलेला राजपुत्र थेट शेवटच्या प्रसंगाला सामोरा गेला असता, तर ते केवळ दैव ठरले असते.

याच मधल्या टप्प्यातला भाला दुरुस्तीचा भाग पुन्हा पाहावा. बाल्सा आपला मोडका भाला घेऊन एका निष्णात लोहाराकडे जाते आणि तिचाच माग काढणारे लोकही त्याच कार्यशाळेत येऊन बसतात. दोन्ही बाजूंना एकमेकांचे बोलणे ऐकू येईल इतकेच अंतर आहे, कुणीही शस्त्र उचलत नाही, आणि शस्त्र कशासाठी घडवायचे यावरच सारा भाग उभा राहतो. कादंबरीत हा प्रसंग नाही, तरी कादंबरीचे मर्म त्यात आहे. बाल्साच्या लहानपणी तिचे वडील, म्हणजे कानबाल या तिच्या मायदेशाच्या राजाचे वैद्य, राजाच्या भावाच्या कारस्थानात मारले गेले. त्यांचा मित्र जिगुरो तिला घेऊन पळाला आणि तिला वाचवताना त्याला पाठलागावर आलेल्या आपल्याच आठ सोबत्यांचे जीव घ्यावे लागले. त्या आठ जिवांच्या भरपाईसाठी आठ माणसे वाचवायची, हे बाल्साने ठरवलेले आहे. म्हणूनच ती मारणे टाळते, आणि मारणे टाळून लढणाऱ्याला दुप्पट कसब लागते.

मालिकेत उणिवा नाहीत असे मात्र नाही. पाणचक्कीच्या दिवसांतले एक-दोन भाग गाळले असते तरी चालले असते. त्याहून मोठी तक्रार म्हणजे मालिकेने राजदरबाराला जरा जास्तच माया लावली आहे. कादंबरीतला सम्राट थंड आणि दूरचा आहे, तर पडद्यावरचा सम्राट मनातून झुरणारा बाप होतो; त्यामुळे स्वतःच्या मुलाला मारायला निघालेल्या सत्तेची धार बोथट होते.

प्रश्न : नायिका तीस वर्षांची का? अशा कथांत नायक सहसा पंधरा-सोळा वर्षांचा असतो.

उत्तर : लेखिकेने सांगितलेला उगम असा आहे, की एका चित्रपटाच्या जाहिरातीत जळत्या बसमधून एका मुलाचा हात धरून बाहेर पडणारी मध्यमवयीन बाई त्यांना दिसली आणि त्या प्रतिमेतून बाल्सा उभी राहिली. कथेच्या दृष्टीनेही हे वय आवश्यकच आहे. आपल्याला कुणी वाढवले आणि त्यापायी त्याने काय गमावले, हे बाल्साला उमगते ते दुसऱ्याचे मूल सांभाळताना. सोळा वर्षांच्या मुलीला ते उमगले असते तर खोटे वाटले असते. तांडा आणि बाल्सा यांच्यातील अर्धवट राहिलेल्या प्रेमाचीही तीच गत आहे : दोघांनाही आपली आयुष्ये कशी गेली ते ठाऊक आहे, त्यामुळे ती दोघे फार बोलत नाहीत.

प्रश्न : साम्राज्याचा इतिहास एक सांगतो आणि याकू लोकांची दंतकथा दुसरेच. मग खरे काय समजायचे? आणि हे एवढे गुंतागुंतीचे करण्याचे कारण काय?

उत्तर : ज्यांनी अजून कथा वाचलेली किंवा पाहिलेली नाही त्यांनी हे उत्तर सोडून पुढे जावे.

उएहाशी या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक आहेत आणि त्यांनी ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांमध्ये क्षेत्रकार्य केलेले आहे. हे ध्यानात घेतले की या गुंतागुंतीचे कारण कळते. योगो लोक दक्षिणेच्या खंडातून आले, तेव्हा या भूमीवर याकू लोक आधीपासून राहत होते. राजदरबाराचा इतिहास म्हणतो, की साम्राज्याचा संस्थापक तोरुगाल याने एका मुलाच्या शरीरात शिरलेल्या जलराक्षसाचा वध केला आणि दुष्काळ संपवला. याकूंच्या समजुतीप्रमाणे हा राक्षस नव्हेच. माणसांचे जग सागु आणि त्याच जागी नांदणारे दुसरे अदृश्य जग नायुग, अशी दोन जगे ते मानतात. नायुगमधली न्युंगा रो इम ही जलदेवता ढग निर्माण करते, शंभर वर्षांतून एकदा अंडे घालते आणि ते अंडे सागुमधल्या एखाद्या जिवाच्या शरीरात वाढते. अंडे फुटले तर पाऊस पडेल आणि रारुंगा नावाच्या अंडीखाऊ जिवाने ते गिळले तर दुष्काळ येईल. म्हणजेच सम्राट ज्याला मारायला निघाला आहे, त्याच्या जगण्यावरच त्याच्या प्रजेचे पाणी अवलंबून आहे.

तथापि लेखिकेने 'राज्यकर्ते खोटे आणि आदिवासी खरे' अशी सोपी वाटणी केलेली नाही, आणि मला तिची ही बाब सर्वांत मोलाची वाटते. याकू लोकही विसरले आहेत. योगोंशी झालेल्या सोयरिकींत आणि पिढ्यांच्या ओघात त्यांच्या कथेचे दुवे निखळले आहेत. गावातल्या वडीलधाऱ्यांना ठरीव गोष्ट तेवढी येते आणि उपयोगाचा धागा सापडतो तो एका लहान मुलीने आपल्या आजीकडून ऐकलेल्या आठवणीत. गावाच्या वेशीवर नाजी पक्ष्यांची हाडे टांगण्याची चाल आहे. ती का आहे हे कुणाला सांगता येत नाही, पण रारुंगापासून अंडे वाचवण्याचा उपाय त्याच पक्ष्यात दडलेला आहे. अर्थ हरवला तरी कृती टिकून राहते, हे लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक असते. साहसकथेचा कळीचा दुवा म्हणून त्याचा इतका चोख उपयोग क्वचितच झालेला दिसतो.

दुसऱ्या टोकाला शुगा हा तरुण नक्षत्रवेत्ता राजवाड्याच्या तळघरात जुन्या शिलालेखांचे वाचन करीत बसलेला असतो आणि अधिकृत इतिहास कुठे वळवला गेला ते त्याला तिथे दिसू लागते. आजीची आठवण, वेशीवरची हाडे आणि तळघरातले शिलालेख ही तिन्ही एकत्र आल्याखेरीज चागुम वाचत नाही. तेव्हा 'खरे काय' याचे उत्तर कोणत्याही एका पक्षाकडे नाही.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिने हे पाहिले तर चालेल का?

उत्तर : जपानमध्ये ही कादंबरी मुलांचे पुस्तक म्हणूनच निघाली, जरी 2007 पासून शिन्चोशा प्रकाशनाच्या आवृत्त्यांमुळे ती मोठ्यांच्या हातीही गेली. मालिकेत बीभत्सपणा नाही. मात्र पित्याने मुलाला मारण्याचा हुकूम देणे ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलीला लढाईपेक्षा जास्त भिववू शकते, आणि रारुंगाची दृश्येही भीतिदायक आहेत. पहिले तीन भाग तिच्याबरोबर बसून पाहावेत. ती प्रश्न विचारू लागली तर पुढे जावे. गप्प झाली तर दोन वर्षे थांबावे.

प्रश्न : मालिका संपली. आता पुढे काय पाहावे, काय वाचावे? पुढच्या कादंबऱ्यांवर अ‍ॅनिमेशन झाले आहे का?

उत्तर : अ‍ॅनिमेशन पहिल्याच कादंबरीपुरते आहे, एनएचके वाहिनीने ते 2007 च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात दाखवले. पुढची कथा पडद्यावर पाहायची असेल तर एनएचकेनेच 2016 ते 2018 या काळात तीन पर्वांत दाखवलेली 22 भागांची नाट्यमालिका आहे आणि तीत हारुका आयासे यांनी बाल्साची भूमिका केली आहे. कथेचा आवाका तिथे पूर्ण मिळतो. कानबालचे डोंगर आणि नायुगचे पाणी मात्र रेखाटनात जितके सहज वाटते तितके तिथे वाटत नाही.

वाचायचे असेल तर दुसरी कादंबरी घ्यावी. तीत बाल्सा जिगुरोच्या माथी मारलेला कलंक धुण्यासाठी कानबालला परतते. तो खडकाळ, गरीब मुलूख आहे. डोंगराच्या पोटातून मिळणारे लुइशा नावाचे निळे रत्न विकून राजा धान्य आणतो, तेव्हा लोकांचे पोट भरते. आणि ते रत्न मिळवण्याच्या विधीत कोणती किंमत मोजावी लागते, हे बाल्साला अंधारात, भाला हातात घेऊन शोधावे लागते. अ‍ॅनिमेशनच हवे असेल, तर उएहाशी यांच्याच दुसऱ्या एका कादंबरीवरची, एरिन नावाच्या मुलीची 50 भागांची मालिका 2009 मध्ये आली होती. तीही प्रॉडक्शन आय.जी.चीच आहे आणि तिचा वेगही असाच संथ आहे.