अमेरिकेत मिलिटरी बेसवर जुनं मेडिकल-डेंटल क्लिनिक पाडून नवीन बांधायचं तर डिझाइनमध्ये वेगळं काय असतं?

मी इथे मेकॅनिकल-प्लंबिंगचं डिझाइन करतो, अशा एका क्लिनिकवर दोन वर्षं घासलीयेत (बेसचं नाव नाही सांगणार), त्यामुळे आमच्या बाजूने दिसलं तेवढं सांगतो.

सगळ्यांना वाटतं बाँब, काचा, सिक्युरिटी हेच अवघड. तसं काही नाही. यूएफसी ४-०१०-०१ नावाचं अमेरिकी संरक्षण खात्याचं दहशतवादविरोधी बांधकामाचं स्टँडर्ड आहे, त्यात बिल्डिंगभोवती १० मीटरमध्ये काही लपवता येईल अशी झाडंझुडपं, कचऱ्याचे डबे नकोत, काच लॅमिनेटेड पाहिजे, बाहेरची हवा आत घ्यायची जाळी जमिनीपासून निदान ३ मीटर वर पाहिजे, गडबड झाली तर एका बटणात सगळं एअर हँडलिंग बंद झालं पाहिजे, असं सगळं लिहिलेलंच आहे. वाचायचं आणि करायचं.

खरी मजा पेशंटमध्ये आहे, कारण इथले बरेचसे पेशंट आजारीच नसतात! प्रत्येक सैनिकाची दरवर्षी हेल्थ असेसमेंट आणि दातांची तपासणी होते, दातांचे क्लास १ ते ४ असतात, क्लास ३ म्हणजे वर्षभरात दात दगा देईल अशी अवस्था, त्या गड्याला उपचार झाल्याशिवाय सहसा तैनातीवर पाठवत नाहीत. मग एखादी युनिट निघायची ठरली की अख्खी पलटण एकाच सकाळी दारात.

मी ३५ टक्के सबमिशनला (डिझाइन साधारण ३५ टक्के झालं की तपासायला द्यायचं असतं) सक्शनचा, म्हणजे पेशंटच्या तोंडातलं पाणी-थुंकी ओढून घेणाऱ्या यंत्रणेचा, हिशोब नेहमीसारखा धरला, म्हणजे सगळ्या खुर्च्या काही एकाच वेळी चालत नाहीत असं मानून. रिव्ह्यूला डेंटलच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "मंगळवारी सकाळी येऊन बघणार का?" गेलो, बघितलं, गपचूप परत येऊन पंप आणि पाइप मोठे केले.

आणि खुर्च्यांचं मॉडेल लवकर ठरवून घ्या, हात जोडून सांगतो. पाणी, हवा, सक्शन, वायर सगळं खुर्चीखालच्या फ्लोअर बॉक्समधून वर येतं, खुर्ची नंतर बदलली आणि बॉक्स वीतभर सरकला की झालेला स्लॅब कापत बसा. अमाल्गम सेपरेटरची (दातात भरायच्या पारामिश्रित धातूचे कण सांडपाण्यातून वेगळे करणारं यंत्र) जागाही आधीच ठेवा, ईपीए म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याच्या २०१७ च्या नियमामुळे तो लागतोच. आमच्या प्लॅनमध्ये आवाज करणारी पंपरूम नेमकी ऑडिओमेट्री बूथच्या, म्हणजे शांततेत कान तपासायच्या खोलीच्या, भिंतीला लागून आली होती, आर्किटेक्टचं लक्ष नाही आणि खरं तर माझंही नाही, ६५ टक्क्याच्या सबमिशनला कुणीतरी पकडलं.

बाकी नवीन सुरू होईपर्यंत जुनं बंद करता येत नाही, म्हणून नवीन बिल्डिंग बसली जुन्याच्या पार्किंगवर, नवीन पार्किंग होणार जुनी बिल्डिंग पाडल्यावर, आणि पाडायच्या आधी तिच्यातलं ॲस्बेस्टॉस काढायचं होतं. तोवर सगळे लांब गाडी लावून चालत येत होते. दोन वर्षांत सगळ्यात जास्त शिव्या त्यावरूनच बसल्या, सक्शनबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.