सेव्ह दिसत नाही? आधी फाईलची साईज बघा

जुने कन्सोलचे गेम इम्युलेटरने, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांची पत्रं साचली होती, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलंय. बऱ्याच जणांचं दुखणं एकच आहे, गेम चालू होतो पण आधीचं सेव्ह काही येत नाही.

प्रश्न : मामेभावाच्या जुन्या पीसीवर ईपीएसएक्सई या प्लेस्टेशनच्या इम्युलेटरमध्ये आम्ही टेकन ३ खेळायचो, सगळे कॅरेक्टर ओपन केलेले. तो पीसी आता भंगारात चाललाय म्हणून अख्खा फोल्डर पेनड्राईव्हवर घेतला आणि माझ्या लॅपटॉपवर डकस्टेशन हा दुसरा इम्युलेटर टाकला. एसस्टेट्स फोल्डरमधल्या सगळ्या फायली कॉपी केल्या, नावं बदलून पाहिली, एक्स्टेन्शन बदलून पाहिलं, काहीच लोड होत नाही. सगळं गेलं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : गेलं नसावं, तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये शोधताय. एसस्टेट्समध्ये असतात त्या सेव्ह स्टेट, म्हणजे त्या क्षणी रॅममध्ये काय होतं, प्रोसेसर कुठे होता, ग्राफिक्स आणि साउंड चिपमध्ये काय चाललेलं, या सगळ्याचा फोटो, आणि तो प्रत्येक इम्युलेटर आपापल्या पद्धतीने काढतो. ईपीएसएक्सईचा फोटो डकस्टेशनला वाचता येत नाही आणि कधीच येणार नाही, नाव काहीही द्या. अहो, कित्येकदा त्याच इम्युलेटरच्या नव्या व्हर्जनलाही जुन्या व्हर्जनचा वाचता येत नाही.

तुम्हाला हवंय ते शेजारच्या मेमकार्ड्स फोल्डरमध्ये. तिथे ईपीएसएक्सई०००.एमसीआर आणि ईपीएसएक्सई००१.एमसीआर अशा दोन फायली असतील, स्लॉट एक आणि स्लॉट दोन. फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि साईज बघा, 'साईज ऑन डिस्क' नाही, त्याच्या वरची ओळ. बरोबर १,३१,०७२ बाइट्स असेल तर निम्मं काम झालं. सोनीचं पहिल्या प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड १२८ केबीचं, त्यात ८ केबीचे १६ ब्लॉक, पहिला ब्लॉक यादीसाठी राखीव आणि उरलेले १५ गेमसाठी. जवळपास सगळे इम्युलेटर हे कार्ड बाइटला बाइट तसंच फाईलमध्ये उतरवतात, त्यामुळे एमसीआर काय, डकस्टेशनचं एमसीडी काय किंवा रेट्रोआर्क (एकाच ठिकाणी अनेक कन्सोलचे इम्युलेटर देणारा प्रोग्रॅम) मधल्या बीटल पीएसएक्सचं एसआरएम काय, आतला माल एकच आहे.

आता डकस्टेशनमध्ये टूल्स मेन्यूत मेमरी कार्ड एडिटर उघडा. एका बाजूला जुनं एमसीआर कार्ड, दुसऱ्या बाजूला तुमच्या टेकनचं कार्ड, सेव्ह सिलेक्ट करायचं, मधल्या बाणाने पलीकडे ढकलायचं आणि मग सेव्हचं बटण दाबायचं, हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि खिडकी बंद करतात. गेम त्या वेळी बंद असू द्या. आणखी एक गोची म्हणजे डकस्टेशन सहसा प्रत्येक गेमला वेगळं कार्ड देतं, त्यामुळे तुम्ही शेअर्ड कार्डमध्ये सेव्ह टाकून बसलात तर गेम तिकडे ढुंकूनही बघणार नाही. मेमरी कार्डच्या सेटिंगमध्ये कुठला प्रकार निवडलाय ते आधी बघा. फोल्डर सापडत नसेल तर टूल्समध्येच ओपन डेटा डिरेक्टरी आहे, उगाच सी ड्राईव्हभर फिरू नका.

तरीही गेम म्हणाला सेव्ह नाही, तर डिस्कचा रीजन, म्हणजे ती जगाच्या ज्या भागासाठी बनली तो, वेगळा. कार्डवरच्या प्रत्येक सेव्हच्या नावातच गेमचा कोड असतो. अमेरिकन टेकन ३ चा कोड एसएलयूएस-००४०२, युरोपियनचा एससीईएस-०१२३७, आणि अमेरिकन सेव्हच्या नावापुढे बीए, युरोपियनला बीई, जपानीला बीआय लागतं. मामेभावाची डिस्क एका रीजनची आणि तुमच्या लॅपटॉपवरची दुसऱ्या, तर दोघांची ओळखच नाही. जुन्या डिस्कचीच इमेज वापरा, प्रश्न मिटला.

आणि मेमकार्ड्समधली कार्डं उघडली नि रिकामी निघाली, म्हणजे तुम्ही दोघं कायम स्टेटवरच खेळत होतात, तरी मार्ग आहे. जुन्या पीसीवर त्याच ईपीएसएक्सईमध्ये स्टेट लोड करा, मग गेमच्या ऑप्शनमध्ये जाऊन मेमरी कार्डवर रीतसर सेव्ह करा, आणि मग एमसीआर उचला. म्हणून तो पीसी एवढ्यात भंगारवाल्याला देऊ नका, आधी हे करून घ्या.

दुसऱ्या कुणाकडून आलेली फाईल असेल तर साईज वेगळी दिसू शकते. १,३४,९७६ असेल तर ती डेक्सड्राईव्हची, म्हणजे कार्ड पीसीला जोडणाऱ्या यंत्राची जीएमई, म्हणजे तेच कार्ड, फक्त पुढे ३,९०४ बाइट्सचं हेडर, म्हणजे जास्तीची माहिती. १,३१,२०० असेल तर पीएसपी किंवा व्हिटावरून आलेली व्हीएमपी, पुढे १२८ बाइट्स जास्तीचे. ८,३२० म्हणजे अख्खं कार्ड नाही, एका ब्लॉकचं एकच सेव्ह, एमसीएस. एडिटरने घेतली नाही तर मेमकार्डरेक्स नावाचं फुकट टूल आहे, त्यात उघडून हव्या त्या प्रकारात सेव्ह करा. नुसतं नाव बदलून हेडर जात नाही, पुण्याच्या पेठेत पाटी बदलली म्हणून आतला दुकानदार बदलत नाही तसंच आहे हे.

प्रश्न : पीसीएसएक्स२ या पीएस२ च्या इम्युलेटरवर जीटीए सॅन अँड्रियास खेळतोय. मित्राने त्याचं १०० टक्के झालेलं सेव्ह दिलं, फाईल मॅक्स एक्स्टेन्शनची आहे. मी तिचं एक्स्टेन्शन पीएस२ केलं आणि मेमकार्ड्समध्ये टाकली, इम्युलेटर म्हणतो कार्ड फॉरमॅट केलेलं नाही. फॉरमॅट करू का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नका हो करू! फॉरमॅट केलंत तर मित्राची फाईल पण संपली.

इथेही साईजच बघा. पीसीएसएक्स२ च्या ८ एमबी कार्डची फाईल ८६,५०,७५२ बाइट्सची असते. ८ एमबी म्हणजे खरं तर ८३,८८,६०८, पण कार्डवर ५१२ बाइट्सच्या प्रत्येक पानामागे चूक दुरुस्तीसाठी १६ बाइट्स जास्तीचे असतात आणि पानं १६,३८४, म्हणून आकडा वाढतो. तुमची मॅक्स फाईल याच्यापुढे चिमुकली असणार. ते कार्ड नाहीच, ॲक्शन रीप्ले या चीट कोडच्या साधनाने आवळून बांधलेलं एकच सेव्ह आहे. सीबीएस, पीएसयू, एक्सपीएस या एक्स्टेन्शनच्या फायलीही त्याच जातीच्या, एकेका सेव्हच्या.

यासाठी मायएमसी हे पीएस२ कार्डच्या फायली उघडणारं टूल वापरा. पीसीएसएक्स२ पूर्ण बंद करा, मायएमसीमध्ये तुमचं एमसीडी००१.पीएस२ उघडा, इम्पोर्ट करून मॅक्स फाईल दाखवा, झालं. आधी कार्डच्या फाईलची एक कॉपी बाजूला काढून ठेवा, तुमची स्वतःची बाकी सेव्हज पण त्याच फाईलमध्ये आहेत.

मग सिस्टिम मेन्यूमधून स्टार्ट बायोस (बायोस म्हणजे कन्सोलचं स्वतःचं सॉफ्टवेअर) करा आणि ब्राऊझरमध्ये कार्ड उघडा. आयकॉन दिसला पण गेम 'सेव्ह नाही' म्हणतोय, तर पुन्हा रीजनच. सॅन अँड्रियासचा अमेरिकन कोड एसएलयूएस-२०९४६, युरोपियन एसएलईएस-५२५४१. आपल्याकडे त्या काळात फुटपाथवर मिळणाऱ्या डिस्क कुठल्याही रीजनच्या असायच्या, एकाच गल्लीतल्या दोन पोरांकडे दोन रीजन, त्यामुळे मित्राचं चालतं म्हणजे तुमचं चालेलच असं नाही. कार्डावरच्या फोल्डरचं नाव बदलून काही गेम फसतात, पण आतला डेटा वेगळा असेल तर गेम करप्ट म्हणून मोकळा होतो. मित्राला त्याचा कोड विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

तसंही दुसऱ्याचं १०० टक्के सेव्ह घेऊन काय मजा येते मला कळत नाही, पण तो तुमचा प्रश्न.

प्रश्न : माझा खरा पीएस२ अजून चालतो, मेमरी कार्डवर २००६ पासूनची सेव्हज आहेत. ती कॉम्प्युटरवर कशी आणू? कार्डला यूएसबी नाही.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : कार्डला नाही, पण पीएस२ ला आहे. फ्री मॅकबूट (पीएस२ वर बाहेरचे प्रोग्रॅम चालू करू देणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं एक मेमरी कार्ड मिळवा, ते लावून चालू केलं की यूलॉन्चएल्फ हा फायली हाताळायचा प्रोग्रॅम उघडता येतो. त्याच्या फाईल ब्राऊझरमध्ये तुमच्या कार्डवर जा, सेव्हचा फोल्डर निवडून आर१ दाबा, कॉपी करा, मग पेनड्राईव्हवर जाऊन पुन्हा आर१ आणि 'पीएसयू पेस्ट' निवडा. साधं पेस्ट नको, पीएसयूच, म्हणजे अख्खा फोल्डर तारखांसकट एका फाईलमध्ये येतो. पुढे मायएमसी, वर नांदेडच्या उत्तरात सांगितलंय तसंच.

पेनड्राईव्ह फॅट३२ हवा आणि जमल्यास जुना, लहान. मोठे नवे पेनड्राईव्ह पीएस२ ला बऱ्याचदा दिसतच नाहीत. स्पीड यूएसबी १.१ चा आहे, पण सेव्ह केवढुशी असतात, चहा होईपर्यंत सगळी येतील. ज्यांच्याकडे अजून चालू कन्सोल आहे त्यांनी हे लवकर करून ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे, कार्ड एक दिवस काही न सांगता बंद पडतं. हाताशी कन्सोल आहेच तर बायोसही त्याचाच काढून घ्या, इकडून तिकडून डाउनलोड करण्यात कायद्याची पण भानगड आहे आणि व्हायरसची पण.

प्रश्न : दादा, मी सातवीत आहे. पोकेमॉन फायररेड आधी बाबांच्या पीसीवर व्हिज्युअलबॉय ॲडव्हान्स या गेमबॉय ॲडव्हान्सच्या इम्युलेटरमध्ये खेळायचो, आता एमजीबीए हा दुसरा घेतला. तिथे कंटिन्यू येतच नाही, फक्त न्यू गेम. माझ्याकडे दोन फायली आहेत, एक एसएव्ही आणि एक एसजीएम.
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : एसजीएम सोड, ती स्टेट आहे, एमजीबीएच्या कामाची नाही. एसएव्ही फाईल गेमच्या फाईलच्याच फोल्डरमध्ये ठेव आणि नाव अगदी सारखं कर, स्पेससकट. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, ते आधी व्ह्यू मेन्यूतून चालू कर, नाहीतर तू एसएव्ही लिहितोस आणि मागे टीएक्सटी चिकटलेलं तुला दिसतही नाही.

मग साईज बघ. फायररेडचं सेव्ह १,३१,०७२ बाइट्सचं असतं (हो, वरच्या प्लेस्टेशन कार्डाएवढंच, निव्वळ योगायोग). ६५,५३६ आली तर घोळ आहे. जुन्या व्हिज्युअलबॉयमध्ये फ्लॅश साईज, म्हणजे गेमच्या सेव्हसाठीची जागा, ६४ के वर राहिली की असं होतं, आणि त्याच वेळी गेम 'वन एम सब-सर्किट बोर्ड' बसवलेला नाही अशी तक्रार करतो, तो निळा मेसेज तू पाहिला असशील. तसं असेल तर बाबांच्या पीसीवर सेव्ह टाईपच्या सेटिंगमध्ये फ्लॅश १२८ के कर, गेम बंद करून पुन्हा चालू कर, एसजीएम लोड कर, गेममधल्या मेन्यूतून सेव्ह करून बघ, आणि सेव्ह झालं तर जी नवी एसएव्ही बनेल ती घेऊन ये. नवी एसएव्ही एमजीबीएमध्ये चालतेय हे दिसेपर्यंत एसजीएम डिलीट करू नकोस, तीच तुझी शिल्लक आहे. मित्राकडे एमराल्ड असेल आणि त्याची फाईल १,३१,०८८ दिसली तर घाबरू नका, त्या गेममध्ये घड्याळ आहे, शेवटचे १६ बाइट्स त्या घड्याळाचे.

एक सवय मात्र लावून घे. नवं एसएव्ही आणल्यावर एमजीबीएमधली जुनी स्टेट लोड करू नकोस. स्टेटच्या पोटात जुनं सेव्ह पण असतं, ते तुझ्या नव्यावर बसू शकतं. रेट्रोआर्क वापरणाऱ्या मोठ्यांनाही हेच, ऑटो लोड स्टेट बंद ठेवा आणि एसआरएम फाईल बदलताना गेम बंद ठेवा, नाहीतर बाहेर पडताना रेट्रोआर्क त्याच्याकडचं जुनं पुन्हा लिहून टाकतो.

प्रश्न : डेस्म्युम या निन्टेन्डो डीएसच्या इम्युलेटरची डीएसव्ही सेव्ह फाईल मेलनडीएस या दुसऱ्या इम्युलेटरला चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : थेट नाही. डीएसव्हीच्या शेवटी डेस्म्युम १२२ बाइट्सची शेपटी लावतं, म्हणून ५,२४,२८८ ची फाईल ५,२४,४१० दिसते. डेस्म्युममध्येच फाईल मेन्यूतून एक्स्पोर्ट बॅकअप मेमरी करा, प्रकार एसएव्ही निवडा, ती चालेल.