पहिल्या एम-15 दौऱ्याला निघताना
एम-15 म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधली सर्वांत खालची पायरी. अशा स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम 15,000 डॉलर. एकेरीच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरलास तर हातात जेमतेम दीडशे डॉलर, तेही कर कापायच्या आधी. म्हणून एकाच स्पर्धेसाठी लांबचं विमान पकडू नकोस. ट्युनिशियातल्या मोनास्टिरसारखी जागा निवड, जिथे ओळीने कित्येक आठवडे स्पर्धा असतात. तिकिटाचा खर्च एकदाच होतो, कोर्टही अंगवळणी पडतं. आणि दुहेरी सोडू नकोस. चार पैसे मिळतात, जोडीदाराबरोबर खोलीचं भाडंही वाटलं जातं.

2023 मध्ये सुमित नागलने खात्यात फक्त 900 युरो असल्याचं उघडपणे सांगितलं, तेव्हा तो एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू होता! पुढच्याच जानेवारीत पात्रता फेरीतून येऊन त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये 31व्या मानांकित, कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. घरच्यांना मात्र वर्षाच्या खर्चाचा खरा आकडा आत्ताच सांग.