ट्रॉलरचं ऑईल वाढतंय कशानं?

प्रश्न : आम्ही पैठण तालुक्यातले. धाकटा भाऊ रत्नागिरीला एका ट्रॉलरवर इंजिन सांभाळतो. बोट एकदा निघाली की दहा दिवस समुद्रात, रोज वीसेक तास इंजिन चालू. नवं ऑईल दुसऱ्याच दिवशी काळंकुट्ट होतं म्हणून त्याला घोर लागतो. मागच्या फेरीत मात्र ऑईल जरासुद्धा कमी झालं नाही, उलट ऑईल मोजायच्या पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर दिसलं. समुद्रात मधेच ऑईल बदलावं का? – एक भगिनी

उत्तर : ताई, काळ्या रंगाचं सोडा. डिझेलची काजळी ऑईल स्वतःत धरून ठेवतं, म्हणून ते काळं होतं. ते त्याचं कामच आहे. मला घोर लागला तो 'खुणेच्या वर' या शब्दांचा. आजच भावाला फोन करा. चालत्या इंजिनात ऑईल थोडंफार जळतंच. ते वाढलं, म्हणजे त्यात डिझेल नाहीतर पाणी उतरतंय.

बिडकीनकडं एका मोसंबीच्या बागेत विहिरीवरचं इंजिन माझ्याकडं होतं. ऐन उन्हाळा, रात्रंदिवस पाणी चालू. आठवडाभर पट्टीवरची पातळी खाली येईना, आणि इंजिन ऑईल खात नाही म्हणून मी निर्धास्त राहिलो. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल गळत होतं. डिझेल लायनरवरून, म्हणजे पिस्टनभोवतीच्या नळीवरून, खालच्या ऑईलच्या चेंबरात उतरून ऑईल पातळ झालं आणि आठव्या रात्री बेअरिंग धरलं, जाम झालं. क्रँक, म्हणजे त्या बेअरिंगमध्ये फिरणारा दांडा, घासून येईपर्यंत बागेची फळं गळाली. त्या शेतकऱ्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

भावाला सांगा, आधी पातळी नीट बघ. बोट डुलत असली की पट्टी खोटं बोलते. नांगर टाकल्यावर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, दोन-तीनदा पुसून बघायचं. खरंच वर असेल तर थेंब बोटांत चोळून वास घ्यायचा. डिझेलचा वास आला, तर नोझल आणि डिझेल पंप तपासायचे. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी. शंका असेल तर तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाका, पाणी असलं की तडतडतं. ट्रॉलरवर हे पाणी बहुधा ऑईल कूलरमधून नाहीतर हेड गॅसकेटमधून येतं, आणि खारं असलं तर बेअरिंग फार लवकर खातं. दोन्हीपैकी काहीही निघालं तर दुरुस्ती करून नवं ऑईल भरल्याशिवाय पुढची फेरी नको. मालक घाई करील, तरी नको.

आता बदलण्याचं. दिवस मोजू नका, तास मोजा. दहा दिवस गुणिले वीस म्हणजे २०० तास. समजा इंजिनाच्या पुस्तकात २५० तासांची मुदत आहे आणि निघताना १२० तास झालेले आहेत, तर सातव्या दिवशीच मुदत संपते, तीही भर समुद्रात. म्हणून निघायच्या आधी बंदरातच बदलायचं, इंजिन गरम असताना, फिल्टरसकट. बोटीत खालचा ऑईल सोडायचा बोल्ट खोलायला जागा नसते, तेव्हा पट्टीच्या नळीतून हातपंपानं ओढून काढतात. सोबत त्याच ग्रेडचं एक पूर्ण भरणीचं ऑईल आणि एक फिल्टर ठेवायला सांगा. वरच्या खुणेपुढं कधीच भरायचं नाही. क्रँक ऑईल घुसळतो, फेस होतो आणि प्रेशर पडतं.

काढलेलं ऑईल कॅनमध्ये भरून परत आणायचं, पाण्यात ओतायचं नाही. नाथसागरावरच्या नाववाल्यांनाही मी हेच सांगत असतो. ते पाणी संभाजीनगर आणि जालना पितं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोट उभी राहते. जुन्या ऑईलमधलं आम्ल त्या दोन महिन्यांत बेअरिंग खातं. म्हणून बोट उभी करण्याआधी नवं ऑईल भरून इंजिन दहा मिनिटं चालवून ठेवायला सांगा.